प्रोटीनचे लाडू घरच्या घरी: ना ओव्हन, ना पाक

हरभरा, सोयाबीन, भुईमूग, तीळ, जवस. लातूर, हिंगोली, परभणीच्या आडतीवर हा माल पोत्यांनी उतरतो. त्याच गावातली जिमला जाणारी पोरं मात्र प्रोटीन बार ऑनलाइन मागवतात. मागवू देत. पण बारच्या पाकिटाची मागची बाजू एकदा वाचून बघा. शेंगदाणा, सोया, दुधाची पावडर, खजूर आणि कुठलं तरी सिरप, असाच माल बहुतेक वेळा निघतो. सिरप सोडलं तर बाकी सगळं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. त्याला ओव्हन लागत नाही, पाकाची तार बघावी लागत नाही आणि तासाभरात डबा भरतो.

एक गैरसमज मात्र आधी दूर करू. घरचा लाडू म्हणजे पौष्टिक, आणि पौष्टिक म्हणजे प्रोटीनवाला, असं आपण धरूनच चालतो. संक्रांतीचा तिळगुळाचा लाडू घ्या. तीळ आणि गूळ निम्मे-निम्मे धरले तर ३० ग्रॅमच्या लाडवात तीळ १५ ग्रॅम, म्हणजे प्रोटीन जेमतेम पावणेतीन ग्रॅम. चवीला उत्तम, पण प्रोटीनसाठी खायचा तो पदार्थ नव्हे. लाडवात गूळ आणि तूप जितकं वाढेल तितका प्रोटीनचा वाटा घटतो, म्हणून सगळी करामत प्रमाणात आहे. इथं डोळ्यांचा अंदाज कामाचा नाही. शेजारणीकडून का होईना, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा.

१०० ग्रॅममागं प्रोटीनचा ढोबळ हिशोब असा: सोयाबीन ३६ ते ४० ग्रॅम, स्किम्ड म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर ३५, शेंगदाणे २४, फुटाण्याची दाळ म्हणजे दाळवं २०, तीळ आणि जवस १८, राजगिरा १३-१४, ज्वारी १०. खजूर अडीचच्या आसपास. गूळ आणि तूप जवळपास शून्य. दिवसाची गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. भाकरी, वरण आणि दही यांतून बरंचसं मिळतं. लाडू उरलेल्या खड्ड्यापुरता.

आच नाही, तर कच्चंही नाही

या पद्धतीत मिश्रण पुन्हा शिजत नाही. त्यामुळं त्यात पडणारी प्रत्येक गोष्ट आधीच भाजलेली किंवा शिजलेली हवी. बेसन चालणार नाही, कारण ते कच्च्या हरभऱ्याच्या दाळीचं पीठ. बेसनाचा लाडू तुपात अर्धा तास भाजतो म्हणून तो पचतो. इथं त्याच्या जागी दाळवं येतं, कारण ते भट्टीत फुटून आलेलं असतं. गिरणीतून दळून आणलेलं कच्च्या सोयाबीनचं पीठ तर अजिबात नको. त्यातले काही घटक प्रोटीनच्या पचनाच्या आड येतात आणि ते उष्णतेनंच निकामी होतात. सोयाबीनची रीत पुढं दिली आहे.

शेंगदाणे निवडताना हात आखडू नका. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा किंवा कडवट दाणा बाहेर टाका. बुरशीतून तयार होणारं विष भाजल्यानं पुरतं जात नाही, आणि घरच्या पोत्यातले दाणे पावसाळ्यात ओल धरतात. घरचे आहेत म्हणून ते निर्धोक होत नाहीत.

मुख्य लाडू: दाळवं, शेंगदाणा, तीळ

साहित्य असं घ्या: दाळवं २०० ग्रॅम, शेंगदाणे १५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, स्किम्ड दुधाची पावडर ५० ग्रॅम, किसलेला मऊ गूळ १२० ग्रॅम, तूप ३० ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे, वेलची-जायफळ आवडीप्रमाणं आणि मिठाचा कण. सगळं मिळून ६०० ग्रॅम होतं. त्याचे ३० ग्रॅमचे २० लाडू होतात. प्रोटीनची बेरीज १०० ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे दर लाडवात ५ ग्रॅम आणि उष्मांक १४० च्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, यावरून अंदाज घ्या.

खरेदीत दोन ठिकाणी फसगत होते. फुटाणे हळद-मीठ लावलेले नकोत, साधं सोललेलं दाळवं मागा आणि दोन दाणे चावून बघा. खवट लागलं तर दुकान बदला. दुधाच्या पावडरीच्या पाकिटावर ‘स्किम्ड मिल्क पावडर’ असंच लिहिलेलं हवं. चहासाठीच्या डेअरी व्हाइटनरमध्ये साखर मिसळलेली असते, ती घातली की आपला हिशोब कोलमडतो.

१. शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. साल तडकलं आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला की उतरवा. कोमट असतानाच चोळून सुपात पाखडा. पूर्ण गार होऊ देऊ नका, पुढं त्यांची ऊब कामाला येते.

२. त्याच कढईत तीळ तडतडेपर्यंत भाजा. दोन-तीन मिनिटं पुरतात. तीळ क्षणात करपतात आणि करपलेला तीळ सगळ्या डब्याची चव घालवतो, तेव्हा फोन बाजूला ठेवा. पॉलिशच्या तिळांपेक्षा सालाचे गावरान तीळ घेतलेत तर कॅल्शियमही जास्त मिळेल.

३. दाळवं तीन-चार मिनिटं नुसतं गरम करा. ओल निघून जाते, दळायला सोपं पडतं. गार झाल्यावर मिक्सरमध्ये अगदी बारीक दळा आणि चाळून घ्या. चाळणीवर राहिलेली कणी पुन्हा फिरवा. पीठ भरड राहिलं तर लाडू घशात कोरडा लागतो. बहुतेकांची तक्रार इथंच असते आणि खापर मात्र तूप कमी पडल्यावर फुटतं.

४. कोमट शेंगदाणे दोन वाट्यांत करा. अर्ध्यांचं नेहमीसारखं जाडसर कूट करा. उरलेले थांबून थांबून, त्यांना तेल सुटून गोळा होईपर्यंत फिरवा. हे तेलच आपलं बांधणीचं साहित्य, म्हणून तूप इतकं कमी लागतं. लातूर-धाराशिवकडं शेंगांची पोळी ज्यांच्या हातची आहे त्यांना हा गोळा कसा दिसतो ते सांगावं लागणार नाही. सारण मळताना हाताला लागतो तसाच ओलसर.

५. परातीत दाळव्याचं पीठ, दुधाची पावडर, वेलची आणि मीठ कोरडंच एकत्र करा. पावडर आधी पिठात मिसळली नाही तर ओलं लागताच तिच्या गाठी होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. मग तीळ आणि दोन्ही प्रकारचं कूट घाला.

६. गूळ किसून घाला आणि तळव्यानं चोळत मिसळा. चिक्कीचा गूळ नको, तो पाकासाठी. आपल्याला बोटानं दाबला तर दबणारा मऊ गूळ हवा. हिवाळ्यात गूळ कडक असेल तर थोड्या तुपासोबत मंद आचेवर फक्त विरघळवा आणि बुडबुडा यायच्या आत उतरवा. उकळी आली की त्याचा पाक होऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी लाडू फोडायला खलबत्ता लागतो.

७. मिश्रण मिक्सरमध्ये थोडं थोडं घालून एकेक झटका द्या. गूळ सगळीकडं सारखा पसरतो. मग कोमट तूप एकदम न ओतता चमच्या-चमच्यानं घाला. मूठ आवळून बघा. मुटका टिकला आणि अंगठ्यानं दाबल्यावर भेगा न पडता दबला, तर उरलेलं तूप घालू नका.

८. ३० ग्रॅमचा पहिला लाडू काट्यावर तोलून वळा. तो डोळ्यासमोर ठेवला की बाकीचे आपोआप त्याच मापाचे येतात.

मुटका फुटतच असेल तर अजून एक चमचा शेंगदाण्याचा गोळा वाटून घाला. दुधाचा हात लावूनही लाडू वळतात, पण मग ते फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे लागतात.

दाळवं आणि तीळ या जोडीमागं चवीपलीकडचंही कारण आहे. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यातले लायसिन आणि मेथिओनिन हे दोन. हरभऱ्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, तिळाचं बरोबर उलटं. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरतो. ज्वारीतही लायसिन कमी असतं, म्हणून भाकरी खाणाऱ्या घराला हरभऱ्याचा लाडू अधिकच सोयीचा.

सोयाबीन घालायचं असेल तर

पोत्यातलं सोयाबीन निवडून रात्रभर भिजवा. पाणी बदलून वीस-पंचवीस मिनिटं उकळा, चोळून सालं काढा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मग खमंग भाजून दळा. खटाटोप आहे खरा, पण किलोभर एकदाच करून ठेवलं की महिनाभर पुरतं. वरच्या प्रमाणात १०० ग्रॅम दाळव्याच्या जागी हे पीठ घातलं की लाडवातलं प्रोटीन ५ वरून ६ ग्रॅमवर जातं. त्याहून जास्त घालू नका. सोयाबीनचा उग्र वास वेलचीला जुमानत नाही.

व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रोटीनची पावडर घरात असेल तर दुधाच्या पावडरीच्या जागी तेवढ्याच वजनाची चालते, पण चवीची नको, साधी घ्या. ती ओल शोषते आणि लाडू दोन-तीन दिवसांत घट्ट होतो. चमचाभर तूप जास्त लागेल.

खजुराची वडी

बिनसाखरेची म्हणून हिचा फार बोलबाला आहे. मला ती आवडते, पण बिनसाखरेची म्हणवत नाही. खजुराच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग साखरच असते, फक्त ती आपण घातलेली नसते. मधुमेह असलेल्यांनी गूळ काय आणि खजूर काय, दोन्ही मोजूनच खावं.

बिया काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचं जाड कूट २०० ग्रॅम, भाजून दळलेलं जवस ५०, तीळ ५०, दाळव्याचं पीठ ५०. खजूर मिक्सरमध्ये फिरवून लगदा करा, बाकी सगळं त्यात मळा, तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापा आणि वाटीच्या बुडानं दाबून गुळगुळीत करा. तासभर फ्रिजमध्ये ठेवून २० वड्या पाडा. वडीमागं प्रोटीन साधारण ४ ग्रॅम, म्हणजे लाडवापेक्षा कमीच. हिचा खरा फायदा वेगळा: बांधणी खजुराची असल्यानं ती उन्हात वितळत नाही.

चक्का आणि खवा

घरच्या दह्याचा चक्का रात्रभर टांगून घट्ट केला, त्यात निम्म्या वजनाचं दाळव्याचं पीठ, चवीपुरती गुळाची पावडर आणि केशर-वेलची घातली की मऊ पेढे वळता येतात. लहान मुलांना हे लाडवापेक्षा आवडतात. फ्रिजबाहेर ठेवू नका, दोन दिवसांत संपवा.

भूम-कुंथलगिरीकडचा खवा मिळत असेल तर मोह होणारच. पेढ्यासाठी तो घ्याच. प्रोटीनच्या लाडवात मात्र तो बसत नाही, कारण म्हशीच्या दुधाच्या खव्यात प्रोटीनपेक्षा स्निग्धांश जास्त असतो.

टिकवणं आणि पाठवणं

कोरड्या हातानं वळलेला मुख्य लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात हिवाळ्यात दोन-तीन आठवडे राहतो. जवसाची पूड सगळ्यात लवकर खवट होते, म्हणून जवसाच्या वड्या आठ-दहा दिवसांपुरत्याच करा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि तूप तर ३५ अंशांच्या आतबाहेरच पातळ होतं. त्या दिवसांत लाडू बसतात, डब्याच्या बुडाला तेल येतं. ते खराब झालेले नसतात, फ्रिजमध्ये ठेवले की पुन्हा आवळतात. पावसाळ्यात अडचण ओलीची. डब्यात ओला चमचा किंवा हात गेला तर चार दिवसांत वास येतो.

शेंगदाणा, तीळ किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्यांना यातलं काही देऊ नका. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी सगळं कूट बारीक करा, अख्खा किंवा अर्धा दाणा घशात अडकू शकतो. मोठ्यांनाही दिवसाला दोन पुरेत, १४० उष्मांकांचे चार लाडू म्हणजे एक जेवणच.

नीट-जेईईच्या शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या पोराला एसटीनं डबा पाठवायचा असेल, तर थंडीत लाडू आणि उन्हाळ्यात खजुराची वडी पाठवा. वड्यांच्या थरांमध्ये बटर पेपर घाला, डबा पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा आणि झाकणावर केल्याची तारीख लिहा. चक्क्याचे पेढे त्यात घालू नका. ते घरी आल्यावर.