ड्राइव्ह लावला की ईएलसीबी का पडतो, आणि कुठे शोधायचं

सांगलीजवळच्या एका लाकडी घाण्यावरून गेल्या पावसाळ्यात फोन आला. 5 एचपीची थ्री फेज मोटर, घाणा सावकाश फिरावा म्हणून ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावलेला, आणि ईएलसीबी (अर्थला, म्हणजे जमिनीकडे, करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) दिवसातून चार-पाच वेळा पडायचा. मी पोचलो तर आधीच्या वायरमनने ईएलसीबीला जंपर मारून, म्हणजे बाजूने तार टाकून तो निकामी करून ठेवलेला. घाण्याची फ्रेम लोखंडी, फरशी तेलकट-ओली, आणि मालकाची आई तिथेच उभी राहून पेंड भरत होती. मी आधी जंपर काढला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

मग ईएलसीबी नक्की कधी पडतो ते बघा. पॅनेलला सप्लाय देताक्षणी पडला, तर बहुतेक ड्राइव्हच्या आतल्या फिल्टरचा (विजेतला गोंगाट बाहेर जाऊ न देणारा भाग) करंट असतो. तो फेजमधून कपॅसिटरवाटे अर्थला जातो. रन दाबल्यावर पडला तर केबल आणि मोटर बघा. कधीही, विशेषतः पावसात, पडत असेल तर ओलावा धरा.

खात्रीसाठी सप्लाय बंद करा, दहा मिनिटं थांबा, डीसी टर्मिनलवर व्होल्टेज गेलंय हे मल्टीमीटरने बघा आणि मगच मोटरच्या तीन तारा सोडा. नुसत्या ड्राइव्हला सप्लाय द्या. ईएलसीबी टिकला तर पुन्हा तीच काळजी घेऊन आधी फक्त केबल जोडून रन करा, शेवटी मोटर. ज्या जोडणीला पडेल तिथे दोष. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) 500 व्होल्टचा, पण केबल ड्राइव्हपासून पूर्ण सुटी करूनच. जोडलेली असताना मेगर मारला तर ड्राइव्ह जातो.

आमच्याकडे मोटरचं इन्सुलेशन उत्तम निघालं. केबल जोडली की मात्र पडायचा. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्टेजचे तुकडे पाठवतो. लांब केबलची तार आणि अर्थ मिळून कपॅसिटर बनतो, आणि प्रत्येक तुकड्यागणिक थोडा करंट त्यातून निसटतो. इथे पॅनेल पुढे दुकानात, घाणा मागच्या शेडमध्ये, मधे 45 मीटर साधी केबल, कॅरियर फ्रिक्वेन्सी (म्हणजे हे चालू-बंद होण्याचा वेग) 12 किलोहर्ट्झ. शिवाय दिवे आणि सॉकेटही त्याच ईएलसीबीवर. 30 मिलिअँपचा ईएलसीबी 15 च्या वर कधीही पडू शकतो, हे लक्षात ठेवा.

ड्राइव्ह घाण्याजवळ हलवला. मोटरची केबल 4 मीटर उरली, तीही शील्डवाली (तारांभोवती धातूचं आवरण असलेली), शील्ड दोन्ही टोकांना अर्थला. कॅरियर 4 किलोहर्ट्झवर आणली. मोटर थोडी गुणगुणते, पण चालतं. फिल्टरला अर्थशी जोडणारा स्क्रू काढायचा शॉर्टकट मला पटत नाही. आधीच्या वायरमनने तो काढला होता आणि तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे आकडे नाचत होते. मी तो परत बसवला.

ईएलसीबी कुठल्या टाइपचा आहे, हे फार कमी जण बघतात. थ्री फेज ड्राइव्हमध्ये बिघाड झाला तर अर्थला सरळ डीसीही वाहू शकतो, आणि त्याने एसी व ए टाइपचा ईएलसीबी आंधळा होतो. खरा फॉल्ट आला तरी पडत नाही. टाइप बी घ्या. त्यावर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असं चिन्ह असतं. घाण्याला 300 मिलिअँपचा टाइप बी दिला, तोही दुकानाच्या ईएलसीबीच्या आधीपासून स्वतंत्र फीडर काढून, नाहीतर वरचा, म्हणजे दुकानाचा, आंधळा होईल. सॉकेटना 30 चाच ठेवला. 300 वर जायचं तर अर्थ पिटचा रेझिस्टन्स मोजायलाच हवा. त्याला 0.3 ने (300 मिलिअँप म्हणजे 0.3 अँप) गुणलं की 50 व्होल्टच्या आत यायला हवं, म्हणजे कमाल 166 ओहम. आमचा 3 ओहम आला. फ्रेमला अर्थच्या दोन पट्ट्या मारल्या.

महिन्यातून एकदा घाणा थांबवून टेस्ट बटण दाबायचं, हे मी त्या काकूंना हात धरून दाखवलं.