ड्राइव्ह शाफ्टचे बूट: गाडीखाली शिरण्याआधी

जॅक काढण्याआधी नुसतं उकिडवं बसून पुढच्या चाकांच्या रिमची आतली बाजू बघा. तिथे काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील तर ड्राइव्ह शाफ्टचा बूट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या सांध्यावरचं, ग्रीस भरलेलं रबरी आवरण) फाटला आहे, असं समजून पुढच्या तयारीला लागा. शाफ्ट फिरताना फाटीतून ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच वाटेने पाणी-माती आत जाते. सांध्याला मारतं ते हेच.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत असे बूट चार: चाकाकडचे दोन, गिअरबॉक्सकडचे दोन. चाकाकडचे आधी जातात, कारण स्टिअरिंग वळलं की तेच जास्त वाकतात. म्हणून स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवा, टॉर्च धरा आणि ताणलेल्या घड्यांच्या खाचांत बघा. भेग तिथूनच सुरू होते. घडी मिटलेली असताना ती दिसत नाही. दोन्ही टोकांच्या पट्ट्या घट्ट आहेत ना, तेही बोटाने चाचपून बघा. रबर शाबूत पण पट्टी सैल, अशानेही ग्रीस गळतं.

आता मोकळ्या जागेत, स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळू गोल चक्कर मारा. कट-कट आवाज आला तर बहुधा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, सांधा झिजलेला आहे आणि नवा बूट चढवण्यात अर्थ नाही. सांधा किंवा अख्खा शाफ्टच बघावा लागेल. आवाज नसेल, तर ग्रीस चिमटीत चोळून बघा. खरखर लागली तर सांधा पूर्ण धुऊन, त्यातल्या पोलादी गोळ्या नि त्यांच्या खाचा तपासूनच पुढे जायचं.

सामान आधी जमवा: आपल्याच मॉडेलचा बूट, नव्या पट्ट्या, नवी सर्क्लिप (सांधा शाफ्टवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी), नवा हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टचं टोक धरणारा मोठा नट), त्या सांध्यासाठी सांगितलेलं ग्रीस (बाहेरच्याला सहसा मॉलिब्डेनमवालं), टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना), पट्टी आवळायची पक्कड आणि भरपूर चिंध्या. घरातलं कुठलंही ग्रीस चालेल, हा विचार सोडा. शाफ्ट न काढता वरून गुंडाळून चिकटवायचे, उभे कापलेले बूटही मिळतात. मी ते फक्त गाडी गॅरेजपर्यंत न्यायला वापरेन.

हब नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, मग मागच्या चाकांना अडण्या लावून गाडी उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. बूट बदलायला शाफ्ट ओढून काढताना आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, सांध्यावर ताण देऊ नका, तो आतल्या आत निखळतो. गिअरबॉक्समधून शाफ्ट काढणार असाल तर खाली ट्रे ठेवा, तेल येणारच.

पाकिटातलं ग्रीस पूर्ण वापरा: आधी सांध्यात दाबून, उरलेलं बुटात. शेवटची पट्टी आवळण्याआधी बुटाचं तोंड जरा उचलून कोंडलेली हवा सोडा, नाहीतर बूट फुगलेला राहतो. हब नटचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको. रिम मात्र आत्ताच स्वच्छ पुसून ठेवा. चार दिवस गाडी चालवल्यावर परत बघायची आहे.