फ्लॅनन बेटावरची रेल्वे उपग्रहचित्रात कशी शोधावी

माझी नोकरीची सगळी वर्षं रुळांच्या देखभालीत गेली, त्यामुळे रूळ उखडून नेले तरी जमिनीवर राहिलेला वण मला ओळखू येतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, लुईस बेटाच्याही पलीकडे, भर समुद्रात फ्लॅनन बेटं आहेत. त्यांतलं सगळ्यात मोठं एलन मोर. तिथल्या दीपगृहाची चिमुकली रेल्वे मी घरबसल्या शोधली. तुम्हीही शोधा, फक्त धक्क्याकडून वर जाऊ नका. मी तसं केलं आणि कड्यावरच्या पायऱ्यांनाच रेल्वे समजून बसलो.

आधी मनोरा हुडका. १८९५ ते १८९९ या काळात दीपगृह उभं राहिलं, तेव्हा सगळं सामान बोटींतून ४५ मीटर उंच कड्यावर चढवावं लागलं. पुढे रखवालदारांचा शिधा आणि दिव्याचं तेल वर न्यायला ही रेल्वे होती. मनोऱ्यालगतच्या शेडमधलं वाफेचं छोटं इंजिन दोर ओढायचं आणि दोराला बांधलेली चारचाकी गाडी वर यायची. म्हणजे मार्गाचं एक टोक मनोऱ्यापाशी असणारच.

तिथून पश्चिमेला निघणारा फिकट पट्टा धरा. रूळ १९६० च्या दशकानंतर राहिले नाहीत, पण खालचं काँक्रीट ठेवलं. त्यावरून मग रबरी टायरची तीनचाकी धावू लागली. पट्टा दक्षिणेकडे वळतो आणि बेटाच्या साधारण मध्यावर फुटतो. इथे हाताने फिरवायचा सांधा, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची जोडणी, होता. लंडनच्या गजबजलेल्या स्थानकावरून त्याला ‘क्लॅपहॅम जंक्शन’ म्हणत. एवढ्याशा बेटावरच्या एकुलत्या एका सांध्याला त्या माणसांनी असं नाव द्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरी चुकामूक फाट्यांवर होते. एक फाटा तेच वळण पुढे नेत, अर्धवर्तुळ पुरं करून आग्नेय कोपऱ्यातल्या पूर्व धक्क्याला जातो. दुसरा, थोडा आखूड, उलट पश्चिमेला वळतो. मात्र ‘पश्चिम धक्का’ पश्चिम टोकाला नाही; तो दक्षिण किनाऱ्यावरच्या छोट्या खाचेत आहे.

जुने फोटो मिळाले तर वळणं नीट पाहा. दोर वळवायला रुळांच्या मधोमध कप्प्या होत्या आणि आतल्या रुळाच्या पलीकडे खुंटांची रांग. ताणलेला दोर कप्पीवरून सुटला की वळणाच्या आतल्या अंगालाच पळतो, म्हणून खुंट त्याच बाजूला.

पश्चिम धक्का शेवटी पाहा. १९०० च्या डिसेंबरात तीन रखवालदार या बेटावरून नाहीसे झाले. तपासाला आलेल्या रॉबर्ट म्युरहेड यांना त्या धक्क्याजवळ वाटेकडेचा लोहमार्ग काँक्रीटमधून उखडलेला दिसला. पक्का बसलेला रूळ सोडवायला आमच्या अख्ख्या गँगला घाम फुटायचा, म्हणून तो समुद्र कसा असेल याचा थोडा अंदाज मला येतो. इथे चित्र शक्य तितकं मोठं करा. शेवटचा उतार फार खडा आहे, आणि वरून घेतलेल्या चित्रात खडा उतार नेहमी आखडलेला दिसतो.