पाड्याच्या रेडिओचा अर्ज अडकू नये म्हणून

कोरकू किंवा गोंडी बोलीत कम्युनिटी रेडिओ (गावापुरतं, गावकऱ्यांनीच चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र) सुरू करायचाय, पण संस्था नवी आहे? नोंदणीला 3 वर्षं झाल्याशिवाय अर्ज चालत नाही. थांबत बसू नका.

1. जवळचं कृषी विज्ञान केंद्र, महाविद्यालय किंवा जुनी नोंदणीकृत संस्था अर्जदार म्हणून पुढे करा. कार्यक्रम गावानेच करायचे, हे तिच्याकडून आधीच लेखी घ्या. आपली बोली टिकायची तर हा कागद हवाच.

2. रेडिओच्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश तिथेच उभं राहून एकदाच टिपा. प्रत्येक कागदावर तेच आकडे.

3. अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर.

फ्रिक्वेन्सी आणि परवानगी हातात येईपर्यंत ट्रान्समीटर सुरू करू नका, चाचणीपुरताही नाही.