होम लोनमध्ये या चुका टाळा, आणि इसार देऊन मग माझ्याकडे येऊ नका

अकरा वर्षं झाली होम लोनच्या फाइली पाहतोय. दसरा-दिवाळी आली की समोरच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसतंच, हातात इसारचिठ्ठी, आणि विचारतं, "साहेब, लोन होईल ना?" अरे भाऊ, हे इसार द्यायच्या आधी विचारायचं होतं ना.

लोकांना वाटतं पगार चांगला आहे, सिबिल ७८० आहे म्हणजे झालंच लोन. पण बँक तुम्हालाही तपासते आणि घरालाही. सँक्शन लेटर बऱ्याचदा नुसत्या तुमच्या पगारावर हातात पडतं, घराचे कागद वकिलाकडे त्याच्यानंतर जातात, आणि फाइल अडते ती तिथे. माझ्याच मावसभावाचं सांगतो. नागपुरात बेसा साइडला रो-हाउस पाहिलं, दलाल म्हणाला अजून दोन पार्ट्या तयार बसल्या आहेत, झालं, याने त्याच रात्री तीन लाख इसार देऊन टाकला आणि मला फोन केला दुसऱ्या दिवशी. कागद मागवले तर नकाशा ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा, एनएचा (जमीन बिगरशेती केल्याचा) आदेश नाही, आरएल म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र नाही. मालक म्हणे इथे सगळ्यांचं असंच आहे. असेल बाप्पा, पण बँकेच्या वकिलाला एनएमआरडीएची, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची मंजुरी पाहिजे, शेजाऱ्यांची नाही. लोन गेलं. इसारचिठ्ठीत "लोन न झाल्यास रक्कम परत" ही एक ओळ नव्हती, कारण मजकूर दलालानेच टाइप करून आणला होता. आठ महिने चकरा मारून दोन लाख परत आले, तेही तुकड्या-तुकड्यात. आणि मावशी तेवढे दिवस माझ्यावरच फुगून, जसं काही लोन मीच नाकारलं.

तेव्हापासून घरात कोणीही घर घ्यायचं म्हटलं की मी आधी झेरॉक्स मागतो. इंडेक्स टू (रजिस्ट्रीचा उतारा), आधीच्या रजिस्ट्र्यांची साखळी, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, मंजूर नकाशा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) गुंठेवारी लेआउट असेल तर आरएल आणि डिमांड, म्हणजे त्यांनी लावलेलं शुल्क, भरल्याची पावती. नवीन स्कीम असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर नंबर स्वतः टाकून पाहायचा, ब्रोशरवर छापला आहे म्हणून खूश व्हायचं नाही. हा गठ्ठा वकिलाला दाखवेपर्यंत ११ हजारांच्या वर टोकन नाही. मालक झेरॉक्स द्यायला कुरकुर करत असेल तर चहा पिऊन उठायचं.

दुसरी चूक पैशाच्या हिशोबाची. ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर ७५, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, आणि ती जास्तीत जास्त आहे, तुमचा हक्क नाही. ५० लाखांच्या फ्लॅटला ४० मिळाले तरी १० तुमच्या खिशातले, शिवाय स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, वकील, पार्किंग, हे सगळं वेगळंच. त्यात काही हुशार लोक स्टॅम्प ड्युटी वाचवायला रजिस्ट्री ४० लाखांची करतात आणि १० कॅशमध्ये, मग लोन ३२ च्या वर जात नाही म्हणून बँकेवर चिडतात. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेतली तर घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो हे माहीत असूनही करतात.

बाकीच्या बारीकसारीक. एका महिन्यात सहा बँकांत अर्ज टाकू नका, सिबिलवर सगळं दिसतं. लोन व्हायच्या आधी ईएमआयवर मोबाइल नको. लोनसोबत इन्शुरन्स चिकटवतात, तो प्रीमियम लोनमध्येच मिसळला का ते सही करायच्या आधी विचारा.

आणि लोन लागलं की स्टेटमेंट उघडायचंच नाही, ही तर खास आपली सवय. ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर ईएमआय २६ हजारांच्या आसपास, त्यातले पहिल्या महिन्यात २१,२५० नुसतं व्याज. रेट वाढला की ईएमआय बऱ्याचदा तेवढाच ठेवून मुदत लांबवतात, तुम्हाला कळतही नाही. मी दर एप्रिलला फक्त एकच आकडा पाहतो, किती हप्ते बाकी. वाढले असतील तर बोनसमधून मुद्दल भरून टाकतो, घरासाठी घेतलेल्या फ्लोटिंग (बदलत्या व्याजदराच्या) लोनला त्याचा दंड लागत नाही. बायको म्हणते त्यात गोव्याला जाऊन आलो असतो.