वीज पडल्यानंतर बिघडलेली घरातील उपकरणे: दुरुस्ती कधी करावी आणि नवीन कधी घ्यावे

जत, आटपाडी किंवा माण-खटावच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये येणारा वळीव बहुधा विजा घेऊनच येतो आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानांत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर यांची गर्दी होते. यांतील बरीच उपकरणे थोड्या खर्चात सावरतात. मात्र ती घाईने चालू करून पाहिली, किंवा कारण न शोधताच त्याच जागी नवीन वस्तू जोडली, तर नुकसान वाढते.

शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर किमान ३० मिनिटे जाऊ द्यावीत, मगच कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करून सर्व प्लग काढावेत. मीटरपेटी काळवंडली असेल किंवा जळका वास येत असेल तर तिला हात न लावता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. वीज परत आल्यावर काही दिवे जास्त प्रखर आणि काही मंद दिसू लागले, तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी २३० व्होल्टच्या उपकरणावर ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, म्हणून मेन स्विच लगेच बंद करावा. उपकरणे पुन्हा जोडण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे.

वीज प्रत्यक्ष घरावर पडावी लागत नाही. ती जवळपास किंवा लाईनवर पडली तरी तारांमधून अति उच्च दाबाची लाट घरात शिरते. ही लाट विजेच्या तारेतून आली, डिशच्या केबलमधून आली की इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतून आली, यावरून बिघाड कोठे शोधायचा ते ठरते. टीव्हीचा स्टँडबाय दिवा लागतो पण सेट-टॉप बॉक्सचे चित्र येत नसेल, तर आधी दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला जोडून पाहावे. अनेकदा तेवढे एकच पोर्ट किंवा फक्त बॉक्स गेलेला असतो. राउटरचे दिवेच लागत नसतील तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. नवीन अडॅप्टरचे व्होल्टेज जुन्याइतकेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त आणि पिनची ध्रुवता तीच असली पाहिजे. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही, परंतु त्याच राउटरच्या अडॅप्टरमधून मात्र येते.

उपकरण पूर्ण मृत वाटत असेल तर बिघाड बहुधा पॉवर सप्लायमध्ये असतो. तेथे फ्यूजच्या पाठोपाठ एमओव्ही नावाची, बहुधा निळ्या रंगाची, लहान चकती बसवलेली असते. दाब वाढला की ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि पुढचा बोर्ड वाचतो. तिच्यावर १४डी४७१ असे लिहिलेले असल्यास १४ हा मिलिमीटरमधील व्यास आणि ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, अर्थात ४७० व्होल्ट. बदली भाग त्याच मापाचा घ्यावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही घालू नये. एमओव्ही काढून टाकून उपकरण चालू करून देणे हीदेखील दुरुस्ती नव्हे, कारण पुढच्या लाटेला अडवणारे काही उरत नाही. बदलानंतर जाणकार कारागीर सिरीज बल्ब (उपकरणाच्या वीजमार्गात एकसर जोडलेला साधा बल्ब) लावून तपासतो: बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, सतत प्रखर राहिला तर पुढे रेक्टिफायर किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. प्लग काढल्यानंतरही मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त भार टिकून राहू शकतो, त्यामुळे हे काम अनुभव नसलेल्याने करू नये.

फ्रिज आणि एसीच्या बाबतीत कॉम्प्रेसर गेला असे सांगितले, तर वायंडिंग आणि बॉडी यांमधील इन्सुलेशन मोजून दाखवण्याचा आग्रह धरावा; इन्व्हर्टर मॉडेलमध्ये बहुधा कंट्रोल बोर्डच जळालेला असतो. बोअरवेलची मोटर मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने) तपासल्याशिवाय स्टार्टर पुन्हा दाबू नये.

माझ्या मते, दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल, किंवा टीव्हीचा मुख्य बोर्ड आणि पॅनेल दोन्ही गेले असतील, तर नवीन घ्यावे. अर्धवट दुखावलेले भाग काही आठवड्यांनीही बंद पडतात, म्हणून दुरुस्तीची हमी लेखी घ्यावी. विजेचे नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. घरगुती विमा असल्यास दुरुस्तीपूर्वी कंपनीला कळवून छायाचित्रे आणि जळालेले भाग जपून ठेवावेत.

नवीन वस्तू जोडण्यापूर्वी अर्थिंग तपासणे सर्वांत आवश्यक आहे. वाळवा-पलूसकडील काळी जमीन ओल धरते, पण जतच्या मुरमाड जमिनीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा पूर्ण कोरडा पडतो आणि नेमक्या त्याच काळात विजा होतात. तेथे उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालावे लागते. अर्थिंग चांगले असेल तरच मुख्य वितरण पेटीत बसवलेले टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (जादा दाबाची लाट जमिनीत वळवणारे उपकरण) काम करते, आणि त्याच्या जोडतारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. एमसीबी किंवा स्टॅबिलायझर विजेची लाट रोखत नाही. प्रोटेक्टरची खूण हिरव्याची लाल झाली की त्याचा भाग बदलावा. जवळ पडणाऱ्या विजेपुढे तेही अपुरे ठरू शकते, म्हणून आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्याआधी, प्लगबरोबर डिशची केबलही काढून ठेवावी.