कोरियन पदार्थ पहिल्यांदाच करताय? मग या चुका टाळा

‘कोरियन म्हणजे लालभडक आणि तिखट’ असं मनाशी धरून लोक स्वयंपाकघरात शिरतात आणि सगळं बिघडतं ते तिथेच. मिरची कोरियात पोचली ती साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस. भाज्या मिठात मुरवणं आणि सोयाबीन आंबवणं त्याच्या कितीतरी आधीचं. हे जेवण उभं आहे मीठ आणि वेळ या दोन गोष्टींवर, आणि नवशिक्यांना नेमकी याच दोन्हींत काटकसर करायची असते. मी दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात बरीच वर्षं राहिले, आता पुण्यात हे पदार्थ शिकवते. तिथे काय आणि इथे काय, चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोबी नीट न मुरवता किमची, म्हणजे मीठ-मसाला लावून आंबवलेली भाजी, घालणं.

सुवॉनमधली गोष्ट. नोव्हेंबरचा शेवट, म्हणजे किमजांगचे दिवस. घरोघरी वर्षाची किमची घालायची गडबड असते. (याच सामुदायिक प्रथेचा २०१३ साली युनेस्कोच्या यादीत समावेश झाला.) आमच्या इमारतीत नुकतंच एक मराठी जोडपं राहायला आलं होतं. रात्री मित्रांना जेवायला बोलावलेलं, आणि सकाळी अकराला त्यातल्या नवऱ्याने चायनीज कोबी चिरून त्यावर टेबलावरचं बारीक मीठ भुरभुरलं. दोन वाजता माझ्या दारात. “ताई, कोबी मऊ पडलाय, मसाला लावू?” मी म्हटलं, “देठ वाकवून बघ.” “कटकन मोडतोय, पण चालेल ना? व्हिडिओत दोनच तास सांगितलेत.” नाही चालणार, असं स्पष्ट सांगितलं. तरी लावलाच.

संध्याकाळपर्यंत कोबीला इतकं पाणी सुटलं की मसाला धुऊन भांड्याच्या तळाशी जमा झाला. पानांच्या कडा खाऱ्याढोण, देठ मात्र आतून कच्चे आणि पाणचट. मग त्याने आणखी तिखट घातलं, मग साखर, आणि शेवटी आंबटपणासाठी व्हिनेगर! मला याचा मनापासून राग येतो. किमचीचा आंबटपणा जिवाणू तयार करतात. त्यांना त्यांचे दिवस द्यावेच लागतात, बाटलीतून ओतून ती चव येत नाही. शेवटी तळमजल्यावरच्या कोरियन आजींनी न चिरलेले दोन गड्डे उचलून नेले, रात्रभर मिठात ठेवले आणि सकाळी त्यातलं एक पान त्याच्या हातात दिलं. पांढरा जाड देठ दोन्ही टोकं जुळेपर्यंत दुमडला, पण मोडला नाही. इतकं मुरल्यावरच मसाला लावायचा.

माझी पद्धत अशी. दोन किलो कोबीला २०० ते २५० ग्रॅम खडे मीठ. बारीक मीठ झटकन विरघळून पानांच्या कडांतच शिरतं, म्हणून ते नको. गड्ड्याला बुडाशी सुरीने अर्धी चीर द्यायची आणि पुढे हाताने फाडायचा, म्हणजे पानांचा चुरा पडत नाही. एकेक पान उचलून मीठ लावायचं, देठाकडे जास्त. सहा ते आठ तास ठेवायचं आणि मधूनमधून खालचं वर करायचं. पुण्याच्या उन्हाळ्यात लवकर होतं, म्हणून मी घड्याळ बघत नाही, देठ बघते. मग भरपूर पाण्यात तीनदा धुऊन एक पान चाखायचं. नुसतं खायला किंचित खारट लागलं की बरोबर. शेवटी कापलेली बाजू खाली करून निथळत ठेवायचा. लोक इथेही दहा मिनिटांत उरकतात, मी दोन तास ठेवते.

खरोखरच घाई असेल तर गॉत्जॉरी करा. ती न आंबवलेली, ताजी खायची किमची, कोरियात रोजच्या जेवणात असते. किंवा मुळ्याच्या फोडींची कक्दुगी करा, तिला अर्धा तास मीठ पुरतं. घाईला हे दोन रस्ते आहेत, मुरलेल्या किमचीला मात्र जवळचा रस्ता नाही.

बरणीबद्दल थोडक्यात. ती काठोकाठ भरू नका, पाऊण भरा, आणि किमची हाताने दाबून आतली हवा काढा. आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. झाकण घट्ट लावून गावाला गेलात तर ओटा, भिंत, सगळं लाल होतं. सुवॉनच्या थंडीत मी बरणी दोन दिवस बाहेर ठेवायचे, पुण्यात एप्रिल-मेमध्ये एक रात्र पुरते, मग सरळ फ्रिज.

गोचुगारूच्या, म्हणजे कोरियन मिरचीच्या जाडसर तिखटाच्या, जागी लवंगी मिरची घालू नका. मिळत नसेल तर ब्याडगीच्या बिया काढून ती जाडसर वाटा. रंग येतो आणि तोंडही भाजत नाही.

गोचुजांग म्हणजे चिली सॉस नव्हे. ती मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांची मुरवलेली पेस्ट आहे. चमचाभर घालून आधी चव बघा.

सूपसाठीचा सोया सॉस रंगाने फिका पण जास्त खारट असतो. नेहमीच्या मापाने ओतलात तर सूप संपलंच.

द्वेन्जांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. ती जपानी मिसोसारखी शेवटी घालायची नसते, चांगली उकळू द्या.

बासमती नको. इंद्रायणी घ्या, तीनदा धुवा, अर्धा तास भिजवा. किंबापचा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या रोलचा, भात गोळा धरायलाच हवा.

जापचे म्हणजे भाज्या घालून परतलेल्या शेवया. त्या रताळ्याच्या स्टार्चच्या असतात, तांदळाच्या शेवयांनी ते होत नाही. आणि भाज्या वेगवेगळ्याच परता. सगळ्या एकदम टाकल्या की त्यांना पाणी सुटतं आणि शेवया लगदा होतात.

बिबिम्बाप, म्हणजे भातावर रचलेल्या भाज्या, वाडग्यात सुंदर मांडून येतो म्हणून वरवरून टोकरत खाऊ नका. चमच्याने तळापासून पूर्ण कालवा. जॉन्जु या गावची ती खासियत, आणि तिथे कोणीही थर जपत बसत नाही.

माझं दुसरं दुखणं म्हणजे “हे फिकं लागतंय” म्हणून पदार्थ बदलून टाकणं. सामग्येथांग घ्या. कोवळ्या कोंबडीच्या पोटात चिकट तांदूळ, जिनसेंग, खारीकवजा लाल बोरं आणि लसूण भरून ती मंद शिजवतात. कोरियात हा भर उन्हाळ्यातला पदार्थ, सांबोक या तीन दिवसांना लोक रांगा लावून खातात. रस्सा मुद्दाम जवळपास अळणी ठेवलेला असतो, कारण मीठ-मिरी शेजारी वाटीत येते आणि ज्याने त्याने आपापल्या चवीने घालायची असते. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने पहिला घोट घेण्याआधीच त्यात गोचुजांगचे तीन चमचे कालवले. जिनसेंगचा कडसर वास, तांदळाने आलेला दाटपणा, सगळं त्या लाल पाण्यात गडप झालं. प्याँगयाँग पद्धतीच्या नेंगम्यॉनचंही हेच. बकव्हीटच्या शेवया आणि थंडगार, अगदी सौम्य रस्सा. लोक चव न घेताच व्हिनेगर आणि मोहरी ओततात. आधी चार घास तसेच खा. पहिल्या घासाला काहीच कळत नाही, तिसऱ्या-चौथ्याला मांसाच्या रश्शाची गोडी जिभेवर येते. तेवढा धीर नसेल तर हा पदार्थ मागवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण कोरियात जाणाऱ्या आपल्या लोकांची इथे हमखास फसगत होते. “मांस नको” एवढंच सांगून भागत नाही. मांस काढतात, पण रस्सा सुक्या मासळीचा असतो, मऊ टोफूच्या झणझणीत रश्शात शिंपल्या निघतात, आणि नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतोच. म्हणून म्यॉल्ची म्हणजे सुकी छोटी मासळी, सेउजॉत म्हणजे खारवलेली कोळंबी, ही नावं घेऊनच विचारा. त्याहून चांगलं म्हणजे बौद्ध मठांचं जेवण शोधा. सोलमध्ये जोग्येसा मंदिराच्या परिसरात ते मिळतं. त्यात मांस-मासळी नसतेच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र भाज्याही वर्ज्य, आणि त्या वर्ज्य पाचांत परंपरेने हिंगसुद्धा धरलेला आहे. उन्हाळ्यात गेलात तर कोंगुक्सू खा. भिजवून उकडलेल्या सोयाबीनच्या थंड, दाट दुधात गव्हाच्या शेवया घातलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी त्यात मीठ घालतात, नैऋत्येकडच्या जॉल्ला भागात साखर. शेजारी किमची येईल, ती मात्र विचारूनच घ्या.